वास्को द गामाच्या आधीचे ख्रिस्ती

नाताळ जवळ आला की इथले शेजारी आणि मुलांच्या शाळेतल्या बाई आपल्याला हमखास विचारतात, "तुमच्या देशात ख्रिस्ती आहेत का?" आपण बहुतेक जण "हो, इंग्रजांच्या काळापासून", फार तर "पोर्तुगीजांपासून" असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर निदान हजार वर्षांनी चुकते.

येशूचा शिष्य थॉमस इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला, अशी केरळच्या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे. ती परंपरा आहे. त्या काळचा लेखी पुरावा तिला नाही. सहाव्या शतकात मात्र अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने मलबारात ख्रिस्ती राहतात आणि 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप आहे, असे लिहून ठेवले. हे गाव म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्यातल्या कल्याणकरांनी नोंद घ्यावी!

सर्वात बोलका पुरावा इ. स. ८४९ चा. वेणाडच्या अय्यन अडिगळ या हिंदू राजाने कोल्लमच्या चर्चला जमीन व सवलती दिल्या, त्याचे हे ताम्रपट. खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत: काही अरबीत, काही पहलवीत आणि काही हिब्रू लिपीतल्या फारसीत. मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, ज्यू असे सारे व्यापारी एका दानपत्राला साक्षी! आम्हां रसायनवाल्यांना आणखी एक गंमत वाटते. तांब्यावर काळसर-हिरवा थर चढतो, पण तोच थर आतला धातू राखतो. मलबारच्या दमट हवेत ताडपत्र इतके टिकले नसते.

कागदाचे नशीब वेगळे होते. पोर्तुगीज आले, तेव्हा या ख्रिस्ती लोकांची उपासना सीरियाक भाषेत चाले आणि त्यांचे बिशप इराण-इराककडून येत. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयमपेरूर येथे धर्मसभा बोलावली, जुन्या प्रथा पाखंड ठरवल्या आणि सीरियाक पोथ्या तपासायला मागवल्या. कित्येक जाळल्या गेल्या. ख्रिस्ती लोकांच्या पोथ्या ख्रिस्ती पाद्र्यांनीच जाळाव्यात, हे आम्हांला फार लागते.

पन्नास वर्षे हा समाज धुमसत राहिला. १६५२ मध्ये अहत्तल्ला नावाचा सीरियन धर्मगुरू मैलापूरला आला. पोर्तुगीजांनी त्याला पकडून जहाजाने गोव्याकडे नेले. जहाज कोचीला लागले, तेव्हा हजारो लोक जमले. "निदान आम्हांला भेटू तरी द्या," ही त्यांची मागणी फेटाळण्यात आली. त्याला समुद्रात बुडवल्याची अफवा उठली. ती खोटी होती, पण संताप खरा होता. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीच्या क्रूसापाशी लोकांनी शपथ घेतली: जेझुइट पाद्र्यांची सत्ता यापुढे मानणार नाही. सर्वांचे हात पोहोचेनात, म्हणून क्रूसाला दोर बांधले आणि ते धरून शपथ घेतली. ओढीने क्रूस वाकला म्हणतात. मल्याळममध्ये ती 'कूनन कुरिशु', म्हणजे वाकड्या क्रूसाची शपथ. किल्ला, तोफा, जहाजे पोर्तुगीजांकडे; यांच्या हातात फक्त दोर.

त्याच वर्षी बारा पाद्र्यांनी आपल्यातल्याच आर्चडीकन थॉमसला बिशप केले. पुढे फूट पडली. बरेच जण रोमकडे परतले, बाकीचे वेगळे राहिले. दोन्ही शाखा आजही केरळात आहेत.

सुट्टीत कोचीला जाणाऱ्या सभासदांनी मट्टांचेरीचे हे चर्च जरूर पाहावे. ज्यूंचे १५६८ चे सिनेगॉगही तिथून जवळच आहे.