पुन्हा मुकेपण

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तो मुक्या समाजाला वाचा फुटावी म्हणून. मीरा-भाईंदर महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. पुढे प्रशासकाचा कारभार चालला आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. त्याआधी बेव्हर्ली पार्कमध्ये इच्छुकांनी मला न विचारता व्हॉट्सॲप गटांत घेतले. ६ डिसेंबरला तेथे अभिवादनाची चित्रे आली. पाण्याचा प्रश्न मात्र विचारता येईना. लिहिण्याची मुभा फक्त गटचालकाला! ही सोय २०१८ पासूनची. शंभर वर्षांनी आपल्या हाती यंत्र आले, पण वाचा पुढाऱ्याकडेच राहिली. चळवळीने हे ओळखले पाहिजे. उमेदवाराला उलट प्रश्न विचारता येतील असे गट कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत स्वतः उभारावेत.