साकळलेल्या रक्ताची साक्ष

एक पाय सुजतो, पांढराफटक पडतो आणि टेकवताही येत नाही इतका ठणकतो. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर या दुखण्याला ‘पांढरी दुखरी सूज’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने ओळखत. बाळंतिणींमध्ये ती वारंवार दिसे. पायातल्या खोल शिरेत रक्त साकळून गुठळी झाली की ही सूज येते.

पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात आर्माँ त्रूसो यांना तीच सूज वेगळ्या रुग्णांमध्ये दिसली. हे रुग्ण बाळंतपणातले नव्हते. कुणी नुसते खंगत चालले होते, कुणाच्या पोटातल्या दुखण्याचे निदान होत नव्हते. मृत्यूनंतर शवविच्छेदन केले की आत कर्करोग निघे. 1865 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, की पोटाच्या दुखण्याबद्दल शंका असेल आणि अशी सूज आली, तर कर्करोग धरून चालावे. शिरेला दाह नसतानाही या रुग्णांचे रक्त आपोआप साकळू पाहते, हेही त्यांनी नोंदवले. शिरांतल्या गुठळ्या आणि कर्करोग एकत्र आढळल्याची नोंद ज्याँ-बातिस्त बुय्यो यांनी 1823 मध्येच केली होती, पण त्या खुणेवरून निदान करायला शिकवले ते त्रूसो यांनी.

1867 च्या सुरुवातीला ही सूज त्यांच्याच अंगावर उमटली. शिष्य मिशेल पेतेर यांना त्यांनी सांगितले, की आता आपल्या आजाराबद्दल शंका उरलेली नाही. त्याच वर्षी 23 जूनला पोटातल्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकात ही खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

रक्त का साकळते, याचे उत्तर मात्र त्यांच्याजवळ नव्हते. 1878 मध्ये शल्यविशारद थिओडोर बिलरोट यांना सूक्ष्मदर्शकाखाली गुठळीतच कर्कपेशी दिसल्या. पुढे 1968 मध्ये गॅब्रिएल गॅसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तातल्या, रक्त साकळवणाऱ्या प्लेटलेट्स कमी करून पाहिल्या, तेव्हा कर्करोगाचा शरीरात इतरत्र होणारा फैलावही घटला. रक्त साकळण्याची यंत्रणा कर्करोगाला हातभार लावते, असा संशय बळावत गेला.

ही यंत्रणा कर्करोगाच्या गाठीतच कशी काम करते, हे बोस्टनमधले रोगनिदानशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक शोधत होते. गिनीपिगच्या अर्बुदांचे, म्हणजे अशा गाठींचे, काप तपासताना पेशींभोवती फायब्रिनचे जाळे त्यांना पुन्हा पुन्हा दिसे. फायब्रिन म्हणजे गुठळीचा सांगाडा. ते गाठीत साचायचे तर रक्तातला द्रव शिरांबाहेर झिरपायलाच हवा. म्हणजे अर्बुदाच्या शिरा गळक्या असणार. पण त्यांना गळते कोण करते?

त्यासाठीची कसोटी साधी होती. गिनीपिगच्या रक्तात निळा रंग सोडायचा आणि कर्कपेशी वाढवलेल्या द्रवाचा थेंबभर अंश त्वचेत टोचायचा. शिरा गळू लागल्या, तर तेवढ्याच जागी काही मिनिटांत निळा डाग उमटतो. हा डाग ज्याच्यामुळे उमटत होता, ते प्रथिन डोनाल्ड सेंगर, ड्वोरॅक आणि सहकाऱ्यांनी वेगळे काढून 1983 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. शिरा गळत्या करण्यात ते शरीरातल्याच हिस्टमिन या रसायनाच्या सुमारे 50,000 पट प्रभावी ठरले.

कापलेल्या बोटातही हेच घडते. शिरा झिरपतात, फायब्रिनचे जाळे विणले जाते, त्या जाळ्यावर पेशी सरकतात, नव्या शिरा फुटतात. मग जाळे विरघळते आणि मागे व्रण राहतो. अर्बुदात शेवटची पायरी येतच नाही. झिरपणे चालूच राहते आणि जाळ्यावर नवनवे जाळे चढत जाते. 1986 मध्ये ड्वोरॅक यांनी लिहिले, की अर्बुद म्हणजे कधीच न भरणारी जखम. शरीराच्या दुरुस्तीचाच कारखाना कर्करोग स्वतःसाठी राबवतो.

1989 मध्ये नापोलेओने फेरारा यांनी नव्या शिरा फुटायला लावणारे एक प्रथिन शोधले. ते ड्वोरॅक यांचेच प्रथिन निघाले, फक्त नाव दुसरे. त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध शरीरात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. दोघांना 2014 मध्ये कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला.

त्रूसो यांच्या रुग्णांसारख्यांना दिलासा मात्र दुसऱ्या वाटेने मिळाला. 2003 मध्ये गुठळ्या झालेल्या 676 कर्करोगी रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्यांवर असलेल्यांत सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याची शक्यता 17 टक्के होती. हेपरिनच्या सुधारित प्रकाराचे इंजेक्शन घेणाऱ्यांत ती 9 टक्क्यांवर आली. आज एखाद्याची पोटरी कारण नसताना सुजली आणि सोनोग्राफीत शिरेत गुठळी दिसली, तर रक्त पातळ करणारे औषध सुरू करतानाच डॉक्टर विचारतात: भूक मेली आहे का? अलीकडे वजन उतरले का?