डोंगरातले लोखंड, रानातला हिरडा

लोखंडी कढईत हिरडा उकळला की काढा काळाकुट्ट होतो. म्हणून माझी आजी त्यासाठी मातीचे मडके वापरी. असे का होते, हे मला शाळेत कुणी सांगितले नाही. पन्नाशी उलटल्यावर जुन्या शायांचा इतिहास वाचताना उत्तर सापडले, आणि डोळ्यांसमोर आला तो सूरजागड.

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात हा डोंगर आहे. 1982 पर्यंत हा सारा मुलूख चांदा म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्यातच होता. डोंगराच्या पोटात हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव. जानेवारीत त्याची यात्रा भरते. या टापूतल्या जंगलात हिरडा, बेहडा, आवळा.

खनिजाचा दगड हिरड्याच्या पाण्यात टाकून शाई होत नाही. आधी लाकडी कोळशाच्या भट्टीत त्यातला प्राणवायू काढून लोखंड मोकळे करावे लागते. आंध्रचे कलमकारी कारागीर पुढची पायरी आजही पाळतात. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबवतात. आंबलेल्या पाण्यातल्या आम्लात लोखंड उतरते. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्या पाण्याची रेघ ओढली की ती काळी उमटते. म्हणजे जंगल इथे दोनदा लागते: एकदा कोळशासाठी, एकदा हिरड्यासाठी.

ही ओळख फार जुनी. तांब्याच्या जंगालात हिराकशीची भेसळ ओळखण्याची युक्ती रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली आहे: मायफळाच्या अर्कात भिजवलेला पपायरस काळा पडला, तर भेसळ आहे. मायफळ आणि हिराकस यांच्या शाईतच पुढे युरोपने शतकानुशतके आपले दस्तऐवज लिहिले. आपल्या मोडी कागदांवरची काजळीची शाई वेगळी. काजळी डिंकाच्या आधाराने कागदावर बसते. लोखंडाची शाई कागदाच्या तंतूंत उतरते आणि कालांतराने त्याला खातेही.

काळेपणाचे कारण मात्र अलीकडचे. 1893 साली आल्फ्रेड वेर्नर या सव्वीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाने मांडले, की धातूचा अणू मध्यभागी असतो आणि इतर अणू वा रेणू त्याच्याभोवती ठरावीक संख्येने, ठरावीक दिशांनी बांधले जातात. अशा रचनेला जटिल संयुग म्हणतात. या कामासाठी 1913 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. हिरड्यातल्या टॅनिनला शेजारी शेजारी प्राणवायूच्या जोड्या असतात. चिमट्यासारखी एकेक जोडी लोखंडाला धरते. असे तीन चिमटे बसले की सहा जागा भरतात. हवेतल्या प्राणवायूने लोखंडाचे रूप बदलले की ही पकड घट्ट होते आणि काळा रंग गडद होतो. तो रंग एकट्या लोखंडात नाही, एकट्या हिरड्यातही नाही.

आपल्या कागदांत मात्र ही दोन्ही वेगळ्या खात्यांत पडली. लोहखनिज हे प्रधान खनिज. त्याचा खाणपट्टा 1957 च्या खाण कायद्याने दिला जातो. सूरजागडचा पट्टा 2007 मध्ये मंजूर झाला. हिरडा हे गौण वनोपज; त्यावरचा गावाचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. एक प्रधान, दुसरे गौण! डोंगरातून निघालेल्या मालाचा टनांत हिशेब होतो. पण डोंगर खणला जाताना त्यावरचे झाड, आणि त्या झाडाचे फळ कशाकशाला वापरायचे हे ठाऊक असलेले माणूस, यांचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

मी घरी करून पाहिले. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवले, त्यात हिरड्याचा काढा मिसळला आणि बोरूने कागदावर ‘सूरजागड’ लिहिले. रात्री अक्षरे फिकट होती. सकाळी ती काळी झाली होती. आजीने मडके का वापरले, हे तिला विचारायचे राहून गेले. या रानात हिरडा वेचणाऱ्या आज्या अजून आहेत. कुणा तरुण अभ्यासकाने वही घेऊन त्यांच्याकडे लवकर जावे.