मडक्यातली मूठ

दिघीच्या मॅगझीन चौकात सकाळी साडेसहाला उभे राहा. कंपन्यांच्या बसगाड्या भोसरीकडे, चाकणकडे वळत असतात. पहिल्या पाळीची मुलं गळ्यात ओळखपत्र अडकवून धावतपळत चढत असतात. त्या गर्दीतून बाजूला व्हा, आळंदीकडे तोंड करा आणि मान खाली घालून चालू लागा. पन्नास पावलं झाली की मान वर करा.

रस्ता निम्मा झालाय. इमारती गेल्या आहेत आणि त्यांच्यामागे लपलेली टेकडी अख्खी दिसते आहे. आज ७ जून १९७४, शुक्रवार. मृग लागला, पावसाचा मात्र पत्ता नाही. पाच-सहा दिवसांत माउलींची पालखी आळंदीहून निघेल आणि याच रस्त्यानं पुण्याला जाईल. शेजारच्या पिंपरी-चिंचवडला नगरपालिका होऊन चार वर्षं झाली, पण दिघी अजून खेडंच आहे. महापालिकेत ते १९९७ साली जाणार. समोरून सायकली येतात, प्रत्येक हँडलला डब्याची पिशवी. कुणी भोसरीच्या एमआयडीसीत निघालाय, कुणी दापोडीच्या एसटी वर्कशॉपला, कुणी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत.

गावठाणात एका भाड्याच्या खोलीचं दार उघडं आहे. उंबऱ्याशी थांबा.

"मालक कामावर गेल्यात," आतली बाई पदर सावरत म्हणते. "पर बसा की. चहा टाकते."

तिशीची असेल. नवरा-बायको माण तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात तिनं कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. मग विहिरीबरोबर आशाही आटली तेव्हा दोन पोरं घेऊन दोघं इकडे आली. तो आता भोसरीच्या एका शेडमध्ये लेथवर आहे. चहा येतो. गुळाचा, दूध रंगापुरतं. कप एकच.

"तुम्ही नाही घेत?"

"मी मगाशीच घेतला."

हे वाक्य ध्यानात ठेवा.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, तिला नाही. गेल्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून अकरा-बारा डॉलरवर गेला. ८ मेपासून २७ मेपर्यंत रेल्वेचा संप होता, कोळशाच्या आणि धान्याच्या वाघिणी जागच्या जागी उभ्या राहिल्या. १९७३-७४ या एका वर्षात घाऊक भाव २० टक्के चढले आणि चालू वर्षात आणखी २५ टक्के चढायचे आहेत. पुढच्याच महिन्यात वटहुकूम निघेल आणि पगारदारांची सगळी पगारवाढ, शिवाय वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत जाईल. यातलं तिच्यापर्यंत आलेलं एवढंच की रॉकेल मिळत नाही. दुकानापुढे पहाटेपासून रांग लागते. बायका डबा ठेवतात, डब्यावर ओळखीचा दगड ठेवतात आणि घरचं काम उरकायला परत येतात. एकीचा दगड दुसरी हलवत नाही.

म्हणून स्टोव्ह कोपऱ्यात गप्प पडून आहे. ती भुशाची शेगडी भरायला घेते. जवळ सरका आणि नीट बघा, कारण हे कसब आता फार थोड्या हातांत उरलंय.

तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. बुडाजवळ एका बाजूला मुठीएवढं भोक. त्या भोकातून ती एक गोल लाकूड आडवं आत सारते. त्याच्या टोकावर, डब्याच्या बरोबर मध्यावर, एक रिकामी बाटली उभी धरते. मग भोवतीनं भुसा ओतायचा. लाकडाच्या वखारीतून पोत्यानं आणलेला, डोक्यावरून. ओंजळभर ओतला की मुठीनं दाबायचा, पुन्हा ओतायचा, पुन्हा दाबायचा. तिच्या मुठीची हाडं लाल होतात. "सैल राहिला तर मधी ढासळतो, अन् धुरानं डोळं जात्यात," ती सांगते. डबा काठोकाठ भरला की बाटली हळूहळू फिरवत वर काढते, लाकूड बाहेर ओढते. आत कोपरासारखी वळलेली पोकळ वाट तयार. खालून कागदाचा पेटता बोळा सारला की भुसा आतल्या बाजूनं धुमसत पेटतो आणि तीन-चार तास पुरतो. डाळ शिजते, भाकऱ्या होतात, वर पाणीही तापतं.

तुम्ही घड्याळ लावून बसला असता तर नुसत्या भरण्यालाच अर्धा तास गेलेला दिसला असता. वखारीपर्यंतची पायपीट निराळी.

काटकसरीच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो आणि हा अर्धा तास वगळतो. वाचलेलं रॉकेल हिशेबात धरतो, बाईचा वेळ धरत नाही. तिच्याकडे तो फुकट होता असं आपण गृहीत धरलेलं असतं. तो फुकट नव्हता. पहाटे चारला उठून तिनं तो कुठून तरी पैदा केलेला होता.

दुपारी दोडका आहे. फोडी भाजीत जातात, शिरा वेगळ्या निघतात. त्या तव्यावर कुरकुरीत होईतो भाजून तीळ, लाल मिरची आणि मिठाबरोबर कुटायच्या. ही चटणी उद्या नवऱ्याच्या डब्यात. तव्याला तेल लावायला कांद्याची अर्धी फोड, तेलात जेमतेम टेकवलेली. परातीत रेशनची लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिला आपल्या ज्वारीची चव नाही. आधणाच्या पाण्यात मळून ती नेटानं थापते. पोरं नाकं मुरडतात, म्हणून त्यांच्या भाकरीवर गुळाचा खडा.

भांड्यांच्या फळीवर जुना पेपर अंथरलाय. त्यातल्या एका फोटोत मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आहेत. मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकारानं १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, तिचा हा मोर्चा. बाईला वाचता येत नाही, पण फोटो तिनं मुद्दाम वरच्या बाजूला येईल असा ठेवलाय. घरात काटकसर करणारी बाई महागाई मुकाट्यानं सोसते, असं कुणी म्हणालं तर मला ही फळी आठवते.

दुपारच्या उन्हात ती दाराशी दाभण घेऊन बसते. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू होणार. थोरल्याच्या गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून, सारखी करून, दोऱ्यानं शिवून धाकटीची वही होते. थोरल्याच्या विजारीला खाली चार बोटं दुमड आहे, ती एक बोट सोडायची. तीन बोटं पुढच्या तीन वर्षांसाठी. नेसून विरलेलं लुगडं गोधडीत जाणार, गोधडी फाटली की पायपुसणं होणार.

मग ती दळणाची ज्वारी काढते. रेशनची नव्हे, गावाहून सासऱ्यांनी एसटीच्या टपावरून धाडलेलं अर्धं पोतं, सणासुदीसाठी जपलेलं. सूप भरून घेते, पाखडते, आणि डब्यात ओतण्याआधी एक मूठ कोपऱ्यातल्या मडक्यात टाकते.

"हे कशाला?"

"माउलींच्या माणसांस्नी. पालखी दारावरनं जाती, तवा हात रिकामा नको. एका मुठीनं कुणाचं प्वाट उणं ऱ्हात न्हाई."

ही मूठ तिनं आईकडून घेतली. सातारा जिल्ह्यात घरोघरी बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढत, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुलं त्या धान्यावर जेवत. मुष्टिफंड म्हणत त्याला. ज्यांच्या घरी पुरेसं नव्हतं त्यांच्याच मुठींवर पोरं शिकली. माझ्या मते बचतीची यापेक्षा मोठी व्यवस्था महाराष्ट्रात झालेली नाही, आणि तिची खातेवही कुठल्याच बँकेत नव्हती.

संध्याकाळी तो येतो. आज सात तारीख, पगार. हातपाय धुऊन तो पाकीट तिच्या हातात देतो आणि कंदिलाच्या उजेडात ती गोधडीवर नोटा मांडते. भाडं. दुकानदाराची उधारी. माणला सासू-सासऱ्यांना मनीऑर्डर. रेशन. भिशी. शेडमधल्या दहा जणांची ही भिशी. या महिन्यात चिठ्ठी ह्याच्या नावाची निघाली होती, पण एकाच्या बहिणीचं लग्न आहे म्हणून ह्यानं पाळी त्याला दिली. ती काही बोलत नाही. दोन नाणी उरतात, ती तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी जातात.

"ती कशाची?"

"आजारपणाची," ती हळूच म्हणते. "ह्यांस्नी सांगू नगा."

जेवणं होतात. तुम्ही पाहुणे, म्हणून आधी तुमचं ताट. मग तो, मग पोरं. भाकऱ्या पाच होत्या, तुम्ही मोजल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीकडे तोंड करून बसते, म्हणजे पाठ तुमच्याकडे. दुरडीत अर्धी भाकरी आहे. पातेल्यात थोडं पाणी घालून ती कडेचं पिठलं खरवडते. धाकटी झोपेत कुरकुरते, "आये, भूक." त्या अर्ध्या भाकरीचा चतकोर तिच्या हातात जातो.

बाहेर या. मान खाली घाला, पन्नास पावलं चाला.

जानेवारी २००९. खोलीच्या जागी तीन मजली इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावर तेच कुटुंब राहतं. थोरला आता त्रेचाळिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि बघता बघता इकडे गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या. आठवड्यातून दोन दिवस ब्लॉक क्लोजर, म्हणजे कारखानाच बंद. पगारापेक्षा ओव्हरटाइमवर ज्यांचं घर चालतं त्यांना ओव्हरटाइम बंद म्हणजे काय ते या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. ठेकेदाराकडची पोरं तर सकाळी गेटवरूनच परत. घराचा हप्ता मात्र थांबत नाही. सुनेनं बांगड्या सोनेतारणात ठेवल्या आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या पोरांना ती डबे करून देते. कुकरमध्ये एकावर एक भांडी; सिलिंडर दीड महिना पुरवायचा आहे. सासू, पासष्टीची, भिंतीला टेकून लसूण सोलते आहे.

"मामी, तुम्ही दोघी कधी जेवणार?" डबा न्यायला आलेलं पोरगं विचारतं.

"आमचं झालं," सून म्हणते. सासू तिच्याकडे बघते. काही बोलत नाही.

आणखी पन्नास पावलं. एप्रिल २०२०, करोनाची टाळेबंदी. रस्त्यावर कुणी नाही. चाकणचे कारखाने बंद, कंपन्यांच्या बसगाड्या जागेवर. केंद्राचं माणशी पाच किलो फुकट धान्य रेशनवर येतंय, दहा रुपयांची शिवभोजन थाळी मार्चअखेरीपासून पाच रुपयांना झाली आहे. वरच्या मजल्यावर बिहारची सहा पोरं अडकून पडली आहेत. त्यांचं रेशनकार्ड त्यांच्या गावाला. शहात्तरीची म्हातारी सुनेला स्टीलचा एक डबा काढायला लावते. रोज कणीक मळण्याआधी त्यात एक मूठ. आठवड्याला डबा वर जातो, रिकामा होऊन खाली येतो.

त्या दिवसांत घर चालवण्याच्या युक्त्या जिकडेतिकडे सांगितल्या जात होत्या: भाज्यांच्या सालींची चटणी करा, शिळ्या पोळ्या फोडणीला टाका. युक्त्या चांगल्याच होत्या. पण सगळे घरी बसलेले असताना साल काढणारे, वाटणारे, ताटं घासणारे हात तेच राहिले. मला याचं दुःख वाटतं. शेगडी बदलली, धान्य बदललं, हिशेब मोबाइलवर आला, आणि शेवटचं ताट तिचंच राहिलं.

आता मॅगझीन चौकात परत या. पहिली पाळी गेलेली आहे. घरी जा. तुमच्या घरात त्या काळातली आजी, आत्या, मावशी कुणी असेल तर तिच्याजवळ बसा. भुसा कसा भरायचा, शिरांची चटणी कशी करायची, चार बोटांच्या दुमडीत विजार किती वर्षं पुरते, ती भरभरून सांगेल. सगळं ऐकून घ्या. मग विचारा, त्या वर्षी ती स्वतः काय जेवत होती. आणि आज रात्री घरात जी सगळ्यात शेवटी जेवायला बसेल, तिच्या ताटात बघा.