सर्पगंधेची कसोटी

रायपूरच्या दक्षिणेस बस्तरच्या रानांत सर्पगंधेचे लहानसे झुडूप आढळते. तिची मुळी उन्मादावर देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात त्या मुळीतून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा उपयोग करून पाहिला. छिन्नमनस्कतेचे कित्येक रोगी शांत झाले. परंतु ते घेणाऱ्या काहींना विषण्णतेने ग्रासल्याचे दिसले, आणि नवी औषधे येताच ते मागे पडले.

श्रोतेहो, गुण आला हे दिसते; तो औषधानेच आला, हे ठरवणे कठीण. म्हणून आज चालू उपचाराला पूरक औषध जोडून पाहताना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे दोन गट पाडतात. मूळ उपचार दोघांचाही चालू राहतो. एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण गोळी. कोणाला काय मिळाले, हे वैद्यालाही ठाऊक नसते. रोगी कुमारवयीन असेल, तर पालकांच्या संमतीबरोबर खुद्द मुलाचा होकारही हवा. कारण बरावाईट परिणाम त्यालाच भोगायचा असतो. मुळी आपल्या रानातली असली, तरी या कसोटीतून तिला सूट नाही.