मतदान केंद्रातला पाहुणा

दुसऱ्या देशाची निवडणूक जाऊन पाहण्याची प्रथा १८५७ इतकी जुनी आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर मोल्डाविया आणि वालाकिया या प्रांतांत मतदान झाले, तेव्हा युरोपातील सत्तांचा आयोग देखरेखीला होता. मोल्डावियात लबाडी इतकी उघड झाली, की मतदान रद्द करून पुन्हा घ्यावे लागले.

भारताला या क्षेत्रात मोठा मान मिळाला तो १९५३ साली सुदानमध्ये. तेथील निवडणूक आयोगात तीन सुदानी आणि ब्रिटन, इजिप्त, अमेरिका व भारत यांचा एकेक सदस्य होता. अध्यक्ष होते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. मात्र हा आयोग निवडणूक घेणारा होता. नुसते पाहून अहवाल देणारा निरीक्षक ही भूमिका राष्ट्रकुलाच्या पथकांमुळे रुळली.

मराठी माणसांनी अशा निरीक्षकांच्या नजरेखाली मत दिले ते मॉरिशसमध्ये, ७ ऑगस्ट १९६७ रोजी. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर उसाच्या मळ्यांत गेलेल्या कोकणी मजुरांचे वंशज तिथल्या मतदारयादीत होते. बेट स्वतंत्र व्हावे की ब्रिटनशी जोडलेले राहावे, हाच त्या निवडणुकीचा खरा प्रश्न होता आणि समाजासमाजांत संशय दाटला होता. पद्धतही सोपी नव्हती. बेटावरील २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन जागा, म्हणून मतदाराला तीन मते. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन जागा वेगळ्या. शिवाय समाजांचा समतोल राखायला पराभूतांपैकी आठ जण विधिमंडळात घ्यायचे. या वाटणीत मराठी भाषकांना वेगळा रकाना नव्हता, ते हिंदूंतच मोजले गेले. स्वातंत्र्यवाद्यांना ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, विरोधकांना २३. मतांतला फरक जागांइतका मोठा नव्हता. अशा वेळी बाहेरच्या माणसाची साक्ष फार मोलाची ठरते. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला.

निवडणुकीच्या कामासाठी बाहेरचे स्वयंसेवक मोठ्या संख्येने उतरले ते कंबोडियात, १९९३ साली. संयुक्त राष्ट्रांचे चारशेहून अधिक स्वयंसेवक खेडोपाडी मतदारनोंदणी करत होते. त्यांच्यातील एका जपानी तरुणाची एप्रिलमध्ये हत्या झाली. तरीही मे महिन्यात नोंदलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी मतदान केले.

निरीक्षकांची आचारसंहिता २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाली. काही निरीक्षक महिनाभर आधी येऊन प्रचार आणि याद्या पाहतात, बाकीचे मतदानाच्या तोंडावर पोहोचतात. दोघांची जोडी दुभाष्यासह केंद्रामागून केंद्र फिरते आणि पेटी रिकामी दाखवली का, मोजणी कोणासमोर झाली, हे तक्त्यात भरते. चूक दिसली तरी ती दुरुस्त करायची नाही, लिहून ठेवायची. हा संयम अंगी बाणवणे अवघड आहे, पण त्यावाचून अहवालाला वजन येत नाही.

भारतातही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २३ देशांचे ७५ पाहुणे आले आणि त्यांच्या दौऱ्यात महाराष्ट्र व गोवा होते. निवडणूक आयोगाच्या स्वतःच्या निरीक्षकांना मात्र १९९६ पासून कायद्याने अधिकार आहेत. केंद्र बळकावल्यास ते मतमोजणी थांबवायला सांगू शकतात. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यातील ओझर हे विमान कारखान्याचे गाव दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येते. २० मे २०२४ ला तेथे मतदान झाले. परदेशी निरीक्षक जे तपासतो, ते तेथील केंद्रांतही नियमानेच घडते. सातच्या मतदानाआधी दीड तास अभिरूप मतदान सुरू होते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून मोजतात, यंत्र कोरे करतात आणि त्या मतांच्या व्हीव्हीपॅट यंत्रात पडलेल्या चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद होतात. संध्याकाळी एकूण मतांचा हिशेब १७ सी नमुन्यात भरून केंद्राध्यक्ष त्याची प्रत प्रतिनिधींना देतात. पुढे मतदारांच्या १७ ए नोंदवह्यांची छाननी निरीक्षकांसमोर होते.