खोट्या पहारेकऱ्याचं कूळ

बासित आणि अमजद फारूक अल्वी या लाहोरच्या दोघा भावांनी १९८६ साली ‘ब्रेन’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घातला. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद आहे. त्याच्या आतच त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते आणि लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असा निरोपही होता. आपलं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेणाऱ्यांना अद्दल घडावी एवढाच हेतू होता, असं ते पुढे सांगत राहिले आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण रोग आणि लस एकाच पत्त्यावर मिळू शकतात, ही कल्पना त्या फ्लॉपीबरोबर जगभर फिरली. घरच्या कॉम्प्युटरवर अचानक उघडणारी, ‘तुमच्या मशीनमध्ये अमुक इतके व्हायरस सापडले’ असं बजावणारी लाल चौकट याच कुळातली.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, जोसेफ पॉप या अमेरिकी शास्त्रज्ञाने सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने पाठवल्या. त्यांवर एड्सची माहिती असल्याचं लिहिलेलं होतं. मशीन ठरावीक वेळा सुरू झालं की फाइलींची नावं बिघडत आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी पडद्यावर येई. लाहोरच्या निरोपात पैशाचा उल्लेख नव्हता. इथे तो आला.

तिसरा पूर्वज मायकेलअँजेलो. हा व्हायरस ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, जागा होऊन हार्ड डिस्कची सुरुवातच पुसून टाकत असे. १९९२ मध्ये ती तारीख जवळ आली तसं जॉन मॅकॅफी यांनी जगातली ५० लाखांपर्यंत मशीन बाधित असू शकतील असा अंदाज दिला. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि अँटिव्हायरसच्या पाकिटांचा खप भडकला. प्रत्यक्षात त्या दिवशी फटका बसला तो हजारांत मोजण्याइतक्याच मशिनांना. व्हायरस खरा होता, औषधही खरं होतं. तरीही आकडा फुगला की पाकीट खपतं, हे त्या मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. खोटा अँटिव्हायरस लिहिणाऱ्यांनी पुढे एवढंच केलं की व्हायरस आणि औषध दोन्ही काढून टाकले आणि आकडा ठेवला.

त्याच मायकेलअँजेलोची दुसरी कथा आपल्या मातीतली आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. १९९०च्या सुमारास त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीसाठी बँकेत गेले असताना त्यांनी कॉम्प्युटर पाहिला, पुढची कामं याचीच असणार हे ओळखलं आणि १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. धाकटे बंधू संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशिनांचा आजार हार्डवेअरचा नसून व्हायरसचा आहे, हे लक्षात आलं तेव्हा कैलासनी भावाला त्यावर उपाय लिहायला सांगितलं. मग संजयनी एकेका व्हायरसला काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. मायकेलअँजेलो त्यांतलाच एक. ते सगळे एकत्र बांधून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीचं नावही तेच झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले.

हे सविस्तर सांगितलं कारण खऱ्या-खोट्याचा फरक मला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. खरं औषध दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलं. गिऱ्हाईक बिघडलेलं मशीन घेऊन आलं, त्यावर बसलेला व्हायरस ओळखला गेला, काढला गेला, मशीन चालू झालं आणि पैसे सर्वांत शेवटी आले. खोट्याचा क्रम नेमका उलटा. न बोलावता तो येतो, न तपासता निदान करतो आणि पैसे मिळेपर्यंत काहीच करत नाही. मिळाल्यावरही करत नाही.

२००० नंतर हा उलटा क्रम धंदा म्हणून उभा राहिला. तोवर लोकांना अँटिव्हायरसचं रूप ओळखीचं झालं होतं : ढालीचं चित्र, सरकणारी हिरवी पट्टी, सापडलेल्या धोक्यांची यादी, वर्षाने रिन्यूअल. खोट्यांनी ते सगळं जसंच्या तसं उचललं. ‘स्पायशेरिफ’, ‘विनफिक्सर’, ‘विनअँटिव्हायरस’, ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशी नावं एकामागून एक येत गेली. त्यांतली बरीच एकाच घरची होती. बेलीझमध्ये नोंदलेल्या आणि युक्रेनमधल्या कीव्हमधून चालणाऱ्या ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये खटला भरला, तेव्हा फसलेल्यांची संख्या दहा लाखांहून जास्त असल्याचं सांगितलं गेलं. ही मंडळी नामांकित संस्थांच्या जाहिरात एजन्सी असल्याचं भासवून चांगल्या वेबसाइटवर जागा विकत घेत. वेबसाइटच्या माणसांना साधी जाहिरात दिसे, ठरावीक वाचकांना मात्र लाल चौकट. २०१२ मध्ये त्यांच्यातल्या एका आरोपीवर १६ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रकमेचा निकाल लागला. सप्टेंबर २००९ मध्ये तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वेबसाइटवरच अशी जाहिरात घुसली होती. नको त्या साइटवर गेलात म्हणून झालं, असं जे घरातल्या मुलांना सुनावलं जातं, ते म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं.

सातारा-सांगलीत ही चौकट पोचायला वाट मोकळी होत होतीच. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने तालुक्या-तालुक्यांत माउस हातात दिला. २००५ पासून बीएसएनएलचं ‘डेटावन’ ब्रॉडबँड आलं आणि डायल-अपची किर्रकिर्र थांबली. घरात विंडोज एक्सपी, तीही बहुधा असेंबल केलेल्या मशीनवर कुणीतरी ‘टाकून दिलेली’. अपडेट बंद, कारण लायसन्स नाही. अँटिव्हायरसची मुदत संपलेली. मग ‘फ्री की’ किंवा ‘क्रॅक’ शोधायला निघालेला मुलगा जिथे पोचायचा तिथेच ‘अँटिव्हायरस २००९’ वाट पाहत असायचा. पेनड्राइव्हमधून येणारा ‘न्यू फोल्डर’ व्हायरस एव्हाना सवयीचा झाला होता. तो निमूट पसरायचा. हा नवा मात्र ओरडायचा, आणि इंग्रजीत ओरडायचा, त्यामुळे अधिकच खरा वाटायचा.

आपल्याकडे डॉलर मोजणारे थोडे. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड फार घरांत नव्हतं. म्हणून इथलं नुकसान निराळं झालं आणि त्याचा हिशेब कुणी केला नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीत विश्रामबागेत काय, मशीन दुकानात गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळायचं : “काका, फॉरमॅट मारावं लागेल.” आणि काका विचारायचे, “फोटो राहतील ना रे?” सी ड्राइव्हवर, माय डॉक्युमेंट्समध्ये, लग्नाचे फोटो असायचे, डीटीपीवाल्याच्या पत्रिका, इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट, पतसंस्थेतल्या कुणाच्या एक्सेल शीट. व्हायरस नसलेल्या मशीनवर, फक्त तसा दावा करणाऱ्या एका खोट्या चौकटीपायी, ते सगळं पुसलं गेलं.

फॉरमॅट बहुधा लागत नसे. जाणकार दुरुस्तीवाला काय करायचा ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे, कारण त्यातून खोट्याची शरीररचना कळते. हा प्रोग्रॅम चालू झाला की टास्क मॅनेजर उघडू देत नसे. प्रत्येक प्रोग्रॅम ‘बाधित’ असल्याचं सांगून बंद पाडी, अगदी नोटपॅडसुद्धा. म्हणून मशीन सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं. तिथे विंडोज मोजक्याच गोष्टी घेऊन उठतं, त्यामुळे खोटा बहुधा उठत नाही. मग एमएसकॉन्फिगमधल्या स्टार्टअपच्या यादीत अर्थहीन अक्षरांची नावं असलेली फाइल शोधायची. ती बहुतेकदा वापरकर्त्याच्या अॅप्लिकेशन डेटा फोल्डरात लपलेली असे. इंटरनेट ऑप्शन्समध्ये घातलेली प्रॉक्सीची खूण काढायची, नाहीतर ब्राउझर खऱ्या अँटिव्हायरसच्या साइटवर जाऊच देत नाही. त्याच कारणाने होस्ट्स फाइल तपासायची. मग दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हवर आणलेलं मालवेअरबाइट्स हे सफाईचं साधन चालवायचं, तेही नाव बदलून, कारण खोट्याला ते नाव पाठ असे. फाइलचं नाव ‘एक्सप्लोरर’ केलं की तो फसायचा. फसवणाऱ्यावर त्याचीच युक्ती चालवण्याची ही कारागिरी इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी फुकट शिकवली आणि ती आपल्या गल्लीपर्यंत पोचली, याचं मला फार मोल वाटतं.

एका उपप्रकाराबद्दल मात्र सावधगिरी लागायची. २०११च्या सुमारास ‘विंडोज रिकव्हरी’, ‘सिस्टिम फिक्स’ अशा नावांचे प्रोग्रॅम आले. ते व्हायरसची नाही, हार्ड डिस्क मरत असल्याची भीती घालत आणि खात्री पटावी म्हणून फाइली खरोखर नाहीशा करत. म्हणजे फक्त लपवत. अॅट्रिब ही जुनी डॉसची कमांड दिली की फाइली परत दिसायच्या. पण स्टार्ट मेन्यूतले शॉर्टकट त्यांनी टेम्प फोल्डरमध्ये हलवलेले असत. सफाईच्या सवयीने ज्याने आधी टेम्प रिकामा केला, त्याचे ते कायमचे गेले. घाईने केलेली सफाई रोगाहून महाग पडली अशी उदाहरणं त्या काळात पुष्कळ झाली.

हा धंदा मोडला तो मात्र अँटिव्हायरसने नव्हे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा तीन टोळ्यांचे हिशेब तपासले. तिघींची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर होती. गंमत म्हणजे परतावा मागणाऱ्यांना टोळ्या पैसे परत करत, कारण तक्रारी मर्यादेबाहेर गेल्या की कार्ड कंपन्या खातं बंद करतात. म्हणजे नाडी तिथे होती. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अनेक देशांच्या पोलिसांबरोबर छापे टाकले आणि त्याच महिन्यात मॉस्कोत क्रोनोपे या पैसे वळवणाऱ्या कंपनीचे प्रमुख पावेल व्रुब्लेव्स्की यांना अटक झाली. पैसे घेण्याची वाट आखडली आणि काही महिन्यांत लाल चौकटी झपाट्याने कमी झाल्या. याच काळात खरं संरक्षणही फुकट मिळू लागलं होतं : मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी इसेन्शियल्स २००९ मध्ये आलं आणि २०१२च्या विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजमध्येच बसवलेला येऊ लागला. इसेन्शियल्स आल्यावर थोड्याच काळात ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स २०१०’ नावाचा खोटाही आला, हे सांगायला हवं.

कूळ संपलं नाही, त्याने रूप बदललं. प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा फोन नंबर छापणं सोपं असतं. आता चौकटीत ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’चा नंबर येऊ लागला आणि पलीकडून बोलणारा आवाज कित्येकदा भारतातलाच असे. तो गिऱ्हाइकाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगे. प्रत्येक निरोगी विंडोजमध्येही तिथे लाल-पिवळ्या नोंदी असतातच. त्या दाखवून, हेच व्हायरस, असं पटवलं जाई. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या त्याच ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. बहुतेक भारतातून चालत होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत अशी बनावट सपोर्ट केंद्रंही होती. इंग्रजी बोलता येणाऱ्या आपल्या मुलांना नोकरी म्हणून हे काम मिळावं, याचं दुःख होतं. मोबाइलवरही तेच. एप्रिल २०१४ मध्ये गूगलच्या प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ३.९९ डॉलरचं अॅप विक्रीत अव्वल ठरलं. ते उघडून पाहिल्यावर कळलं की बोट लावल्यावर ढालीवरच्या फुलीची बरोबरची खूण होते, त्यापलीकडे ते काहीच करत नाही.

आज घरी जी चौकट येते ती बहुतेकदा प्रोग्रॅमही नसते, नुसतं वेब पान असतं. वेब पानाला तुमची डिस्क तपासता येत नाही, एवढं एक जाणलं की निम्मं काम होतं. पूर्वी अशा पानांवर एक्सपीच्या सी ड्राइव्हचं चित्र सरकत असे आणि तेच चित्र अॅपलच्या मॅकवरही दिसे. पडदा अडकला तर एस्केप बटण दाबून धरावं, नाहीतर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का, असं विचारलं तर नको म्हणावं. नॉर्टन किंवा मॅकॅफीच्या नावाने कोपऱ्यात सतत इशारे येत असतील तर बहुधा कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमधल्या साइटच्या यादीत जाऊन ती काढली की इशारे थांबतात, मशीनमध्ये दुसरं काही शोधायची गरज नाही. खात्री हवी असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण स्कॅन, आणि तरी शंका असेल तर तिथलाच ऑफलाइन स्कॅन चालवावा. विंडोज नीट उठण्याआधीच तो तपासतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर बॉट काढण्याची साधनं फुकट मिळतात. त्यांत क्विक हीलने दिलेलंही आहे.

कुणी सांगितलं म्हणून दुरून मशीन चालवू देणारं एनीडेस्कसारखं अॅप घातलं गेलं असेल तर आधी इंटरनेट बंद करावं, मग ते काढावं आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलावेत. कार्डाचा नंबर दिला असेल तर कार्ड लगेच बंद करावं. घेतलेली रक्कम लहान असली तरी नंबर त्यांच्याकडे राहतो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याचं रूप घेऊन कॉम्प्युटरच्या साहाय्याने फसवणूक करण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रार नोंदवताना त्या चौकटीचा फोटो, फोन नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक सोबत ठेवावा. फोटो मोबाइलवर काढावा आणि मशीन साफ करण्याआधी काढावा.